पाण्याचा रंग, वरचे क्लिअर आणि छातीतली घरघर

आमच्या वस्तीच्या मागच्या रस्त्याला गॅरेजची रांग आहे. डेंटिंग-पेंटिंगची पाच-सहा दुकाने, टायरवाले, वेल्डिंगवाले. वस्तीतली बरीच पोरे दहावी-बारावीनंतर तिथेच शिकायला जातात. कोणी आयटीआय करून जातो, कोणी तसाच हेल्पर म्हणून लागतो. पहिली दोन वर्षे पॉलिश पेपरने घासायचे, पुट्टी मारायची, मास्किंग टेप लावायची. मग एक दिवस उस्ताद हातात स्प्रे गन देतो. त्या दिवशी घरी पेढे येतात, कारण गन हातात आली म्हणजे पोरगा पेंटर झाला आणि पगार वाढला.

असाच एक चोवीस वर्षांचा पेंटर आमच्या रविवारच्या तपासणीला यायचा. समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही रक्तदाब आणि साखर तपासतो, तिथे. तक्रार एकच : रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकला येतो, छातीतून शिटीसारखा आवाज येतो, उठून बसावे लागते. आम्ही छाती ऐकली. घरघर नव्हती. सर्दी-पडसे असेल, धूळ असेल असे म्हणून आम्ही त्याला दवाखान्याची चिठ्ठी दिली. दवाखान्यात त्याला पंप मिळाला. आठ-पंधरा दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. तीन महिन्यांत तो तीनदा आला. तीनही वेळा आम्ही त्याला विडी-सिगारेटचे विचारले, घरात कुणाला दमा आहे का ते विचारले. तू काम काय करतोस, हे मात्र एकदाही विचारले नाही. तो पेंटर आहे हे आम्हाला माहीत होते. माहीत असणे आणि विचारणे यांत फरक असतो, हे आम्ही इतकी वर्षे वॉर्डात काढूनही विसरलो होतो.

उलगडा केला तो त्याच्या आईने. ती एकदा सोबत आली आणि सहज बोलून गेली, "ताई, मामाच्या गावाला लग्नाला आठ दिवस गेला होता. एक दिवस खोकला नाही की काही नाही. पंप पिशवीतच राहिला. इथे आला, कामावर गेला, दुसऱ्या रात्रीपासून पुन्हा सुरू."

त्या एका वाक्यात निदानाची अर्धी वाट होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेज बघायला गेलो.

विचारायचा राहिलेला प्रश्न

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. १७०० साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. खाणीत काम करणारे, संडास उपसणारे, कुंभार, रंगारी अशा लोकांच्या कामाच्या जागी ते स्वतः जाऊन बघत. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे असतात त्यांत आणखी एक घाला, असे त्यांनी सांगितले : तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षे उलटून गेली. आजही आपल्या दवाखान्यांत केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो, पण कामाचा रकाना बहुतेक रिकामाच असतो. ज्यांचे काम अंगाला चिकटून घरी येते, त्यांचाच हा रकाना रिकामा राहतो.

गॅरेजमध्ये आम्ही काय पाहिले

एका गाडीचा दरवाजा रंगवायचे काम चालू होते. निळा रंग मारून झाला होता. आम्ही नाकाला पदर लावला तसा उस्ताद हसला. म्हणाला, "ताई, हा पाण्याचा रंग आहे. वासच नाही याला. पूर्वीचे थिनरचे रंग गेले आता. याने काय होत नाही."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पूर्वी गाडीच्या रंगात पातळ करायला थिनर असायचा. तो उडून हवेत जातो, डोके दुखते, चक्कर येते, वर्षानुवर्षे त्याने मज्जासंस्थेला त्रास होतो. पाण्याच्या रंगात तो भाग पुष्कळ कमी असतो. थोडी रसायने त्यातही असतातच, त्वचेला खाज सुटू शकते, पण एकूण हा बदल चांगलाच आहे.

अडचण पुढच्या पायरीला आहे. पाण्याचा रंग वाळला की तो मंद, खडूसारखा निस्तेज दिसतो. गाडीला जी काचेसारखी चकाकी असते ती त्या रंगाची नसते. ती वरून मारलेल्या पारदर्शक थराची असते. गॅरेजच्या भाषेत त्याला नुसते 'क्लिअर' म्हणतात. ऊन, पाऊस, ओरखडे, पेट्रोलचे थेंब हे सगळे तोच थर सोसतो. आणि हे क्लिअर बहुतेक ठिकाणी पाण्याचे नसते. ते दोन डब्यांचे असते : एका डब्यात क्लिअर, दुसऱ्या लहान डब्यात हार्डनर. दोन्ही ठरलेल्या मापात मिसळायचे आणि घट्ट व्हायच्या आत मारायचे.

उस्तादाने निळा रंग मारताना शटर उघडे ठेवले होते. क्लिअर मारायची वेळ आली तेव्हा धूळ बसू नये म्हणून शटर अर्धे खाली ओढले. आपल्या पेंटरने नाकाला रुमाल बांधला. सतरा-अठरा वर्षांचा हेल्पर बाजूला पुढच्या गाडीचे बॉनेट घासत बसला होता. त्याच्या तोंडावर काहीच नव्हते. गन सुरू झाली. पाच मिनिटांत दरवाजा आरशासारखा चमकायला लागला. खरेच सुंदर काम होते. ज्या रंगाने काही होत नाही तो उघड्या हवेत मारला गेला होता, आणि ज्याने होते तो बंद दाराआड.

हार्डनरमध्ये काय असते

हार्डनरच्या लहान डब्यात आयसोसायनेट नावाच्या गटातली रसायने असतात. गाडीच्या क्लिअरमध्ये बहुधा हेक्झामेथिलिन डायआयसोसायनेट आणि त्यापासून बनवलेले पदार्थ वापरतात. डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात 'एचडीआय' किंवा 'आयसोसायनेट' लिहिलेले सापडते.

हे नाव ऐकून अनेकांना भोपाळ आठवेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट होता. घराणे एकच आहे, पण हार्डनरमधला पदार्थ तो नव्हे. गॅरेजमध्ये भोपाळसारखे एका रात्रीत काही घडत नाही. इथे नुकसान हळूहळू, एकेका छातीत होते, म्हणून त्याची बातमी होत नाही.

या रसायनांचा स्वभाव समजून घेतला तर पुढचे सगळे सोपे जाते. ती फार चटकन दुसऱ्या पदार्थाशी जोडली जातात. क्लिअरमधल्या घटकांशी जोडली गेली की कडक, चकचकीत थर बनतो. पाण्याशी गाठ पडली तर त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि थरात बुडबुडे, बारीक भोके दिसतात. खालचा पाण्याचा रंग नीट वाळला नसताना क्लिअर मारले की काम फसते, त्याचे एक कारण हेच. आणि गनमधून उडालेला बारीक तुषार श्वासातून आत गेला, तर हीच रसायने श्वासनलिकेच्या ओल्या अस्तराशी आणि तिथल्या प्रथिनांशी जोडली जातात. शरीर त्या जोडाला शत्रू समजते. त्याविरुद्ध फौज तयार करते. एकदा ही फौज तयार झाली की मग अगदी थोडा तुषारसुद्धा श्वासनलिका आवळायला पुरतो. वर्षभर काही झाले नाही म्हणून आपल्याला चालते, असे धरून चालू नये. काहींना थोड्या महिन्यांत होते, काहींना कित्येक वर्षांनी. नुसते श्वासातून नव्हे, कातडीवर वारंवार सांडले तरी शरीर असे बिथरू शकते.

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर देखरेख करणारी सरकारी संस्था सांगते की, गाडी रंगवणाऱ्या पेंटरला दमा होण्याचा धोका तिथल्या इतर कामगारांच्या मानाने ८० पट असतो. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम आहे की, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल कामावर हाताळायचा असेल तर त्याचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. तिथे डबा उघडण्याआधी शिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे रुमाल बांधला की झाले.

हा दमा ओळखायचा कसा

तपासायला गेले तेव्हा छाती साफ असते आणि रात्री दम लागतो, म्हणून पेशंटवर कोणी विश्वास ठेवत नाही. या दम्याची खूणच तशी आहे. काही वेळा काम करताना लगेच त्रास होतो, पण पुष्कळदा चार-आठ तासांनी, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर किंवा मध्यरात्री होतो. त्यामुळे दोष घरातल्या चुलीला, पंख्याला, थंड पाण्याला दिला जातो.

स्वतःला किंवा घरातल्या पेंटरला हे प्रश्न विचारा :

• सुट्टीच्या दिवशी, गावाला गेल्यावर खोकला किंवा दम कमी होतो का?
• कामावर परत गेल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा वाढतो का?
• क्लिअर मारले त्या दिवशी रात्री झोपमोड होते का?
• डोळे चुरचुरणे, नाक सतत वाहणे, शिंका हे आधीपासून सुरू झाले होते का? दमा सुरू होण्याआधी अनेकदा हे दिसते.
• सर्दीसारखा ताप, अंगदुखी आणि दम असे सगळे कामानंतर काही तासांनी येते का? ते फुप्फुसाच्या वेगळ्या सुजेचेही असू शकते, डॉक्टरांना नक्की सांगा.

यांतल्या एकाचे उत्तर जरी 'हो' असले तरी छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा : मी गाडीला हार्डनर घातलेले क्लिअर मारतो. डब्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. डॉक्टर फुंकर मारायची तपासणी करतील. पीक फ्लो मीटर नावाची एक छोटी नळी मिळते. तिच्यात दिवसातून निदान चार वेळा फुंकर मारून आकडा वहीत लिहायचा. कामाच्या दिवसांचा आणि सुट्टीच्या दिवसांचाही, असे तीन-चार आठवडे. कामाच्या दिवशी आकडा पडतो आणि सुट्टीत चढतो हे कागदावर दिसले की मग कोणी 'मनाचे खेळ' म्हणू शकत नाही. ही वही आपला पुरावा आहे. ती जपून ठेवा.

आपल्या पेंटरची अशी वही त्याच्या बहिणीने ठेवली. ती अकरावीत आहे. तिने त्याचा आलेख काढला. सोमवार ते शनिवार उतार, रविवारी थोडी चढण. डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि पहिल्यांदा केसपेपरवर लिहिले : कामामुळे होणारा दमा.

नुसत्या पंपावर भागत नाही

पंप आणि औषधे घ्यायचीच आहेत, मनाने बंद करायची नाहीत. पण रोज तोच तुषार आत जात असेल तर औषध म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखे आहे. लवकर ओळखून त्या तुषारापासून दूर झालेल्यांची तब्येत जास्त सुधारते. त्रास होत असूनही वर्षानुवर्षे काम रेटत राहिलेल्यांचा दमा काम सोडल्यावरही मागे राहू शकतो. म्हणून उशीर करू नये.

आम्हाला ठाऊक आहे, 'काम सोड' असे सांगणे सोपे असते. ज्याच्या पगारावर सहा माणसे जेवतात त्याला ते सांगताना आमचीही जीभ जड होते. म्हणूनच दमा होण्याआधीची काळजी हाच खरा उपाय.

रुमाल, साधा मास्क आणि खरा मास्क

रुमाल, पदर, करोनाच्या काळातला निळा मास्क यांनी हा तुषार आणि वाफ अडत नाही. दोन बाजूंना डब्या असलेला काळ्या कोळशाचा मास्क रुमालापेक्षा चांगला, पण त्यातही खोट आहे. त्याची डबी संपली तर कळणार कसे? थिनरचा वास येतो म्हणून कळते. आयसोसायनेट मात्र वास येण्याच्या कितीतरी आधीच घातक पातळीला पोहोचलेले असते. म्हणून नाकावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही.

रोज क्लिअर मारणाऱ्यासाठी योग्य साधन म्हणजे बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. ही हवा कॉम्प्रेसरमधून येते, पण साध्या कॉम्प्रेसरची नळी थेट तोंडाला लावायची नाही. त्यात तेलाचे कण आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू असू शकतो. मध्ये श्वासाच्या हवेसाठीचा खास फिल्टर संच लागतो आणि कॉम्प्रेसर धुराच्या जागेपासून लांब ठेवावा लागतो.

एक चूक जवळजवळ सगळेच करतात. गन बंद झाली की चकाकी नीट आली का हे बघायला पेंटर मास्क वर करतो. त्या वेळी समोरची हवा स्वच्छ दिसते, पण सगळ्यात बारीक तुषार डोळ्यांना दिसत नाही. तो तिथेच तरंगत असतो. चांगल्या बूथमध्ये हवा साफ व्हायला काही मिनिटे लागतात, साध्या खोलीत वीस मिनिटे किंवा त्याहून जास्त, आणि अर्ध्या शटरच्या गाळ्यात त्याहूनही जास्त. तोवर मास्क उतरवायचा नाही. आणि ज्यांच्याकडे मास्क नाही त्यांनी आत पाऊल टाकायचे नाही. यात हेल्पर आला, चहावाला आला, डबा घेऊन आलेली बायको आली आणि शटरजवळ खेळणारी पोरेही आली.

काम नीट तर तब्येत नीट

काम बिघडले की पुन्हा घासावे लागते आणि पुन्हा मारावे लागते. म्हणजे तोच तुषार दुप्पट. म्हणून चांगल्या कामाची रीत हीच आरोग्याचीही रीत आहे. पेंटर भावांकडून आणि मालाच्या माहितीपत्रकांतून आम्ही जे शिकलो ते असे :

१. पत्रा कोरा असेल तर आधी प्रायमर मारा. उघड्या लोखंडावर पाण्याचा रंग सरळ मारला तर तो वाळेपर्यंतच गंज धरतो.

२. घासताना शक्यतो पाण्याने घासा. कोरडे घासायचे असेल तर धूळ ओढणारे मशीन आणि धुळीचा मास्क वापरा. जुन्या रंगात आणि जुन्या पिवळसर प्रायमरमध्ये शिसे किंवा क्रोमेट असू शकते.

३. पाण्याचा रंग पातळ थरांत मारा. प्रत्येक थरानंतर वाहती हवा द्या. पाणी वाळते ते वाऱ्याने. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा दुप्पट वेळ लागला तरी थांबा.

४. पूर्ण पृष्ठभाग सारखा निस्तेज दिसला, कुठेही ओला काळसर डाग उरला नाही, की मगच क्लिअर. घाई केली तर बुडबुडे येतात, पांढरट झाक येते किंवा थर सुटतो.

५. हार्डनर मापानेच घाला. 'लवकर वाळेल' म्हणून जास्त घातला तर थर ठिसूळ होतो आणि हवेत आयसोसायनेटही वाढते. माप डब्यावर लिहिलेले असते, ते डब्यागणिक वेगळे असते. एका कंपनीच्या क्लिअरला दुसरीचा हार्डनर लावू नका.

६. मिसळताना, ओतताना, गन धुतानाही हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा आणि तोंडावर मास्क हवा. गनमधून थिनर हवेत उडवून ती धुऊ नका, त्यातूनही तुषारच उडतो.

७. क्लिअरची कामे दिवसाअखेरीस एकत्र करा, म्हणजे इतर माणसे निघून गेलेली असतात.

८. हात थिनरने धुवू नका. थिनर कातडीचे तेल काढून टाकतो आणि रसायन आत जायला वाट करून देतो. साबण आणि पाणी वापरा. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदला. ते घरच्या कपड्यांत, लहान मुलाच्या लंगोटांत धुवायला टाकू नका.

घरचे कपाट, पाळणा आणि सायकल

सण-समारंभ आला की आपल्या घरांतही लोखंडी कपाट, खिडकीची जाळी, मुलाची सायकल रंगवली जाते. अलीकडे लोक पाण्याचा रंग आणतात आणि चकाकीसाठी वर क्लिअर मारतात. घरासाठी आमचा सल्ला सरळ आहे : हार्डनर लागत नाही असे, एकाच डब्याचे, पाण्याचे क्लिअर घ्या आणि ते ब्रशने लावा. ब्रशने लावल्यावर तुषार उडत नाही. गाडीच्या क्लिअरइतकी चकाकी येणार नाही, पण कपाटाला तेवढी पुरते.

दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. यात वेगळा हार्डनर मिसळावा लागतो का? आणि हे पाण्याच्या रंगावर चालते का? काही पाण्याच्या क्लिअरलाही वेगळा हार्डनर असतो, तेव्हा 'पाण्याचे आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्प्रेच्या छोट्या डब्यांतही एक जात अशी असते की तिच्या तळाला दाबायचे बटण असते. ते दाबले की आतला हार्डनर मिसळतो. तो डबा घरात वापरायचा नाही. साधा स्प्रे असला तरी त्यात थिनर आणि पेट घेणारा वायू असतो. तो उघड्यावर, चुलीपासून आणि देवळीतल्या दिव्यापासून लांब मारा.

आधी कपाटाच्या मागच्या बाजूला हातभर जागेवर मारून बघा. थिनरचे क्लिअर ताज्या पाण्याच्या रंगावर मारले तर खालचा रंग सुरकुततो. डब्यावर लिहिलेला पूर्ण वाळण्याचा वेळ जाऊ द्या. क्लिअर दोन-तीन पातळ थरांत लावा, एकदम जाड नको, जाड थर ओघळतो आणि दुधाळ दिसतो. गरोदर बाई, लहान मुले आणि दमेकरी माणसाने वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये.

आणि जुना रंग खरवडताना विशेष जपा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या कपाटांच्या, पाळण्यांच्या, जाळ्यांच्या रंगात शिसे असू शकते. कोरडे खरवडून किंवा ज्योतीने जाळून ते काढले तर शिशाची धूळ आणि धूर घरभर होतो. लहान मूल ती धूळ बोटांनी तोंडात घालते. शिशाने मुलाची बुद्धी आणि वाढ खुंटते आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून पाणी मारून ओले घासायचे, पोरांना शेजारी पाठवायचे, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. झाडू मारायचा नाही.

कायद्यात काय आहे

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याला एक तिसरी अनुसूची जोडलेली होती. त्यात जे आजार सरकारला कळवणे बंधनकारक होते त्यांची यादी होती. त्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा नाव घेऊन लिहिलेली होती. रंग आणि रसायनांमुळे होणारा त्वचारोगही त्यात होता. कारखान्यातल्या कामगाराला असा आजार दिसला तर डॉक्टरने तो कारखाना निरीक्षकांच्या प्रमुखाला कळवावा, असे त्या कायद्याचे कलम ८९ सांगत होते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीतही कामामुळे होणारा दमा होता. म्हणजे हा आजार कायद्याला माहीत नाही असे कोणी म्हणू नये.

मात्र तीन-चार माणसांच्या गॅरेजला कारखान्याचा कायदा लागत नाही. दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयची नोंदणी मागता येते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ती मिळते. मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर असलेल्या भावांनी आपले ईएसआयचे कार्ड निघाले आहे का, हे आजच बघावे. कामावर घेतल्याचा काहीतरी कागद, पगाराची नोंद, पीक फ्लोची वही आणि डॉक्टरांचे लेखी निदान हे चार कागद एका पिशवीत ठेवा. उद्या भांडायची वेळ आली तर कागदच बोलतात.

पुढे काय झाले

आमच्या रांगेतल्या उस्तादाशी आम्ही भांडलो नाही. तोही वीस वर्षे तोच तुषार खात आला आहे. पहिल्यांदा त्याने हात झटकले. मग त्याला आम्ही पोराच्या बहिणीने काढलेला आलेख दाखवला. बराच वेळ तो कागद बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, मलाही रात्री दोन उशा लागतात. मी वयाचं समजत होतो."

आता शेजारच्या तीन गॅरेजनी मिळून एक हवेचा मास्क आणि त्याचा फिल्टर संच घेतला आहे. क्लिअरची कामे संध्याकाळी सातनंतर एकाच गाळ्यात होतात. मागच्या भिंतीला बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला आहे, त्याचे तोंड वस्तीकडे नको म्हणून दोन दिवस वाद झाला आणि ते नाल्याच्या बाजूला फिरवले. हे बूथ नव्हे, याने धोका संपला असे आम्ही म्हणणार नाही. पण हेल्पर त्या वेळी आत नसतो, एवढे नक्की.

आपला पेंटर आता गन धरत नाही. डॉक्टरांनी सक्त मनाई केली. तो दुसऱ्या रस्त्याला नुसत्या डेंटिंगच्या दुकानात आहे, जिथे रंगकाम होत नाही. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. पंप अजून लागतो, पण रात्री झोप लागते. गनवरचा त्याचा हात फार साफ होता, असे उस्ताद अजून सांगतो. सात वर्षे शिकलेली कला अशी सोडून द्यावी लागली, आणि आम्ही पहिल्याच रविवारी तो एक प्रश्न विचारला असता तर तीन महिने आधी सुटका झाली असती. ही बोच आमच्या मनात आहे.

आता आमच्या ओट्यावरच्या वहीत नावाच्या पुढचा रकाना कामाचा आहे. तिथे 'मजुरी' एवढे लिहून चालत नाही. काय उचलता, काय मिसळता, काय हुंगता ते विचारतो. तुमच्या घरात कोणी पेंटर असेल तर आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा : क्लिअर मारताना तोंडाला काय बांधतोस? आणि मागच्या वेळी गावाला गेला होतास, तेव्हा खोकला होता का?